टीव्हीवरचा खेळ

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर खेळ खेळत असतील. मी तुमच्याएवढा होतो, तेव्हा खेळाची पेटी तारेने टीव्हीला जोडावी लागे. पेटीत पिवळी कॅसेट खोचायची आणि अब्बा घरी येईपर्यंत खेळायचे!

आमची पेटी नवी नव्हती. माझे भाईजान मालेगावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करत. आठवीनंतर त्यांची शाळा सुटली होती. दोघांना शिकवणे अब्बांना परवडत नव्हते. एक गिऱ्हाईक बिघडलेली पेटी दुकानातच टाकून गेले. भाईजानांनी ती घरी आणली, उघडली, सुटलेल्या तारेला डाग दिला आणि पडद्यावर चित्र आले. मी मात्र वर्गात सांगितले, "अब्बांनी नवीन आणली." हे भाईजानांच्या कानावर गेले. ते काही बोलले नाहीत.

कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात जोराने फुंकर मारत असू. भाईजान ओरडत, "फुंकू नकोस, काढून पुन्हा लाव." त्यांचेच खरे होते. काढून पुन्हा लावल्यावर आतले पितळी दाते नीट टेकत. फुंकरीतल्या ओलाव्याने ते उलट गंजत. आमची पेटी ज्या जपानी यंत्राची नक्कल होती, ते 'फॅमिकॉम' निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढले. ही कंपनी १८८९ साली सुरू झाली, ती पत्ते बनवण्यासाठी! फुंकर मारू नका, असे तिनेही पुढे सांगितले.

पण घरच्या टीव्हीवर खेळण्याची पहिली पेटी तिची नव्हे. ती राल्फ बेअर यांची. त्यांचा जन्म १९२२ साली जर्मनीत झाला. ते यहुदी होते. हिटलरच्या राजवटीत, वयाच्या चौदाव्या वर्षी, केवळ त्या कारणाने त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. १९३८ साली ते घरच्यांबरोबर अमेरिकेला गेले. तेथे कारखान्यात मजुरी करता करता त्यांनी टपालाने येणारे धडे वाचून रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली.

१९६६ साली त्यांच्या मनात आले, की घरोघरी असलेला टीव्ही लोक नुसता पाहतात. त्यावर खेळता का येऊ नये? त्यांनी ही कल्पना चार पानांवर लिहून काढली. दोन सोबत्यांच्या मदतीने १९६८ पर्यंत पेटी तयार झाली. तिच्यावर लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला होता. म्हणून तिला 'ब्राऊन बॉक्स', म्हणजे तपकिरी पेटी, म्हणत. १९७२ साली ती 'ओडिसी' या नावाने बाजारात आली. तिला आवाज नव्हता. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, एवढेच दिसे. मैदान हवे असेल तर रंगीत प्लॅस्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. गुण मात्र आपले आपणच वहीत लिहायचे!

आणि कॅसेट? आत खेळ साठवलेली, बदलता येणारी कॅसेट 'चॅनल एफ' या यंत्राबरोबर १९७६ साली प्रथम आली. ते यंत्र तयार करणाऱ्या गटाचे प्रमुख होते जेरी लॉसन, एक कृष्णवर्णीय अमेरिकन अभियंता. शाळेत असताना तेही टीव्ही दुरुस्त करून पैसे मिळवत.

गेल्या ईदला मी हे सारे भाईजानांना सांगितले. वर्गात खोटे बोललो होतो, तेही सांगितले. त्यांनी हात झटकला. त्यांना दुसरेच काही हवे होते.

"त्या बेअरसाहेबांनी डिग्री कधी घेतली?"

"१९४९ साली, सत्ताविसाव्या वर्षी."

भाईजान थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्या पहिल्या पेटीत चिप होती का रे?"

"नाही. नुसते ट्रान्झिस्टर आणि डायोड, प्रत्येकी चाळीसेक."

"एवढेच?" ते हसले. "मग ती मी दुरुस्त केली असती."