नव्या शहरातील शाळेचे दार

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी या नात्याने काही लिहावे, असा निरोप आला, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणींपेक्षा आपल्यापैकी अनेकांना पडणाऱ्या एका प्रश्नाविषयी लिहावे, असे वाटले. खंडाळा तालुक्यातून नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस जाणाऱ्यांना राहायला जागा मिळते. पण मुलांना कोणत्या शाळेत घालावे, येथे पाऊल अडते. शिरवळच्या कारखान्यातून माझी पुण्यास बदली झाली, तेव्हा आमच्याही घरी हा प्रश्न उभा राहिला. मुलगी पहिलीत जाणार होती, मुलगा सातवीत.

ही वाट आपल्या तालुक्याला नवी नाही. नायगावच्या सावित्रीबाई १८४० साली लग्न होऊन पुण्यास गेल्या, तेथे शिकल्या आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात सुरू झालेल्या शाळेत मुलींना शिकवू लागल्या. मात्र पालकाच्या भूमिकेतून पाहताना मला अधिक जवळचे वाटतात ते सुभेदार रामजी सकपाळ. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या भिवाचे नाव दाखल झाले. तेथे त्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. पुढे हे कुटुंब मुंबईस परळच्या चाळीत आले आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकू लागले. ती शाळा सरकारी होती. तिचे दार कोणाच्या मेहेरबानीने उघडायचे नव्हते.

परंतु दार उघडले म्हणजे सारे झाले, असे नाही. त्याच शाळेत एकदा भीमरावांना फळ्याकडे बोलावताच वर्गात गलका झाला, कारण फळ्यामागे इतर मुलांचे डबे ठेवलेले होते. संस्कृत शिकण्याची इच्छा असून त्यांना फारसी घ्यावी लागली. तरीही १९०७ साली ते मॅट्रिक झाले. एका खोलीच्या घरात मुलाला लवकर निजवून पहाटे दोनला अभ्यासास उठवणारे वडील त्यामागे होते. शाळेचे दार, वर्गातील बाक आणि घरातील दिवा या तिन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो, हे मी या चरित्रातून शिकलो.

आज दाराचा प्रश्न पुष्कळसा कायद्याने सोडवला आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी देणगी घेण्यास आणि मुलाची वा पालकांची चाचणी अथवा मुलाखत घेण्यास मनाई केली आहे. गाव बदलल्यास आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी वा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे, आणि आधीच्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून तेथे प्रवेश अडवता येत नाही. विनाअनुदानित शाळांत, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता, २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. पण त्या केवळ प्रवेशाच्या पहिल्या वर्गात. सातवीच्या मुलास त्यांचा उपयोग नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यास तेथे नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. म्हणून बदली होताच तो आधी करून घ्यावा.

आम्ही एका नावाजलेल्या शाळेत गेलो. कार्यालयात आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून शिक्षण, पगार, घरात बोलली जाणारी भाषा, असे सारे विचारण्यात आले. मुलाशी मात्र कोणी बोलले नाही. बाहेर पडताना पत्नी म्हणाली, "इथे मुलगा शिकेल, पण आपल्याला भेटायला बोलावताना लाजेल." मुलीचे नाव २५ टक्क्यांच्या सोडतीत आले नाही.

मग आम्ही घरापासून चालत जाता येईल अशा एका अनुदानित मराठी शाळेत गेलो. संस्थेने चालवायचे आणि शिक्षकांचा पगार शासनाने द्यायचा, ही रीत महाराष्ट्राने फार पूर्वी स्वीकारली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा याच रीतीने खेड्यापाड्यांत पसरल्या. अमेरिकेत सरकारी पैशावर स्वतंत्र मंडळांनी चालवायच्या 'चार्टर' शाळांचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ साली केला. आपल्याकडील पालकांना त्यातील मूळ कल्पना अनोळखी वाटू नये.

मुख्याध्यापिकांच्या परवानगीने आम्ही मधल्या सुट्टीत व्हरांड्यात थांबलो. मुले गोल करून बसली होती. कोणाच्या डब्यात पोळी होती, कोणाच्या भाकरी. हात मात्र सगळ्यांचे सगळ्या डब्यांत होते. वाचनालयाच्या कपाटाला कुलूप नव्हते. फळ्यामागचे डबे मला आठवले आणि निर्णय तेथेच झाला.

मुलाला आपल्या निवासी शाळेतच ठेवावे, असे माझ्या आईचे म्हणणे होते. तिचा या शाळेवरील विश्वास मी जाणतो. मला याच वसतिगृहाने वाढवले. पण ज्याच्या घराजवळ चांगली शाळा नाही, त्याच्यासाठी येथील प्रत्येक खाट मोलाची आहे. आम्हाला शाळा घराजवळ मिळाली होती. ती खाट दुसऱ्या मुलाच्या हक्काची होती.

गाव सोडून निघालेल्या माझ्या बंधुभगिनींना एवढेच सांगावेसे वाटते की, शाळेच्या इमारतीआधी तिची मधली सुट्टी पाहा. आपल्या हक्काचे कलम ठाऊक ठेवा आणि ते नम्रपणे, पण ठामपणे सांगा. आणि शाळा कोणतीही मिळो, रात्री मुलाच्या वहीशेजारी आपण बसलेले असावे.