खालाची एरिका

रत्नागिरीकडच्या आमच्या कोकणी कुटुंबातली खाला लग्न होऊन केप टाउनला गेली. पुढे १९५० च्या वर्णभेदी कायद्यामुळे सासरचं जुनं घर सुटलं आणि रायलंड्सच्या वाळूत बिऱ्हाड आलं. मी गेलो तेव्हा अंगणात एक सदाहिरवं झुडूप होतं. पानं सुरूसारखी बारीक.

"खाला, ही एरिकाच ना?"

"एरिका शेकडो आहेत, बेटा. फुलं बघ. गुलाबी नळ्या, काडीभोवती बांगड्या भरल्यासारख्या. ही व्हर्टिसिलाटा."

ही जात तिथल्याच वाळूतली. शहर वाढलं, ती रानातून नाहीशी झाली. १९८४ साली प्रिटोरियाच्या एका बागेत सापडली. फांद्यांपासून रोपं केली गेली आणि १९९४ मध्ये ती रोंडेव्लेईच्या राखीव रानात परतली.

मी मायेपोटी मुळं उकरून शेणखत घातलं. महिनाभरात झुडूप वाळलं. खाला रागावली नाही. "हिला भुकी वाळूच मानवते. मुळांना हात लावायचा नाही," म्हणत तिने शेजारणीकडून आणलेली कोवळी फांदी वाळूत खोचली.

तिच्या नातवंडांना कोकणी येत नव्हती. माझ्याशी बोलताना ती त्यांना मुद्दाम जवळ बसवून घ्यायची.