गळ्याचा आकार

आईच्या सोन्याची वाटणी एका दुपारी, शब्दाला शब्द न लागता उरकली. थुशी धाकटीला, मोहनमाळ वहिनीला, पाटल्या मला. ज्याचं त्याच्या लॉकरमध्ये गेलं. उरलं ते खोटं: एक ग्रॅमची बोरमाळ, नकली मोत्यांचा तन्मणी, पितळी वाट्यांची रोजची काळी पोत आणि भेडाघाटच्या दगडी मण्यांची माळ. बिस्किटाच्या डब्यात गुंता होऊन पडलेलं हे सामान कुणी मागितलं नाही, म्हणून माझ्याकडे राहिलं. ते टांगायला एखादा छानसा स्टँड बघावा, म्हणून मी जबलपूरच्या सराफ्यात गेले.

शोकेसचं सामान विकणाऱ्यानं आधी काळ्या मखमलीचा गळा पुढे केला. खांदे, मान, वर डोकं नाही. “बहनजी, माल इसी पे उठता है,” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. थुशी, चिंचपेटी असे मानेलगत बसणारे दागिने अशा गळ्यावरच उठून दिसतात. आडव्या दांडीवर ते नुसते लोंबतात. पण मखमलीचे खांदे भरीव होते, मान ताठ. आईच्या गळ्याशी हाडं वर आलेली, डावा खांदा जरा उतरता. त्यामुळे कुठलीही माळ घातली तरी पदक कायम एका बाजूला सरकलेलं. त्या गळ्यावर बोरमाळ घालून पाहिली. पदक अगदी मधोमध बसलं. मी ती लगेच काढून घेतली.

२२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून गेल्यावर, जबलपुरात भूकंप झाला. बाबा तेव्हा गन कॅरेज फॅक्टरीत होते. भिंतींना तडे गेले, सगळा मोहल्ला रस्त्यावर आला. सोनं कपाटात राहिलं आणि आई पोत घालून बाहेर आली, कारण ती पोत झोपतानाही गळ्यात असे. पुढच्या कित्येक रात्री आम्ही उघड्यावर झोपलो. अंधारात धाकटी त्या वाट्या मुठीत धरून झोपायची.

बाबा गेल्यावर तिनं पोत उतरवली. मोकळा गळा तिला सहन होईना. मग भेडाघाटला, धुआंधार धबधब्याच्या वाटेवरच्या एका टपरीवरून ती दगडी माळ घेऊन आली. विकणारे त्याला संगमरवर म्हणतात. पण तिथलं बरंचसं कोरीव काम मऊ संगजिऱ्याचं, नखानंही ओरखडा उठेल असं. मणी आणले तेव्हा पांढरेशुभ्र होते. तिच्या अंगावर राहून ते पिवळसर, गुळगुळीत झाले. मागच्या बाजूचे, मानेला घासणारे, जास्तच.

तेव्हा मखमली गळा का नको, ते दुकानात उभ्याउभ्याच लक्षात आलं. पोत आणि ही माळ तिच्या गळ्यात एकत्र कधीच नव्हत्या. एक उतरली, त्यानंतर दुसरी आली. गळ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूवर दोन्ही घालणं म्हणजे तिचं आयुष्य माझ्या सोयीनं रचणं.

शेवटी सागवानाचा, वेगवेगळ्या उंचीच्या तीन आडव्या दांड्यांचा साधा स्टँड घेतला. सगळ्यात वरची दांडी बोरमाळेसाठी, म्हणजे तिचं पदक खाली टेकत नाही. मधल्या दांडीवर पोत, खालच्या दांडीवर दगडी माळ. तन्मणी टांगला नाही. लोंबत ठेवलं की मोत्यांचा दोरा ताणतो, आणि त्याचा दोरा आधीच विरलाय. तो खालच्या तबकात मलमलच्या कापडावर आडवा ठेवलाय. पटव्याकडून पुन्हा गाठवून घ्यायचा आहे.

पाहुणे विचारतात, खोट्या माळा अशा का मांडल्यात? खऱ्या दागिन्यांत आई लग्नाकार्यातच दिसायची, म्हणून. एरवीची सगळी आई याच माळांत होती. भाचीला सांगून ठेवलंय, गॅदरिंगला हवी ती माळ खुशाल घालून जा. खोटी असली तरी परत आणायची, आणि पदक एका बाजूला सरकलं तर सारखं करत बसायचं नाही.