पुढचा रविवार

आपल्या गावातली प्रेक्षणीय स्थळे ही पाहुण्यांसाठी असतात, अशी आपणा सर्वांची एक ठाम समजूत असते. पुण्याचा माणूस शनिवारवाडा पाहतो तो मेहुणा आल्यावर, आणि कोल्हापूरचा माणूस पन्हाळ्यावर जातो तो व्याही आल्यावर. ज्याला मेहुणा नाही आणि व्याहीही नाहीत, त्याचा जन्म तसाच जातो. मी स्वतः या बाबतीत कुणाच्याही मागे नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. शिलालेखांचा भाग आला की शिलाहार आणि यादव यांच्याविषयी घड्याळाकडे न बघता तासभर बोलू शकतो. पण त्या शिलाहारांचे देऊळ माझ्या घरापासून सकाळी निघून दुपारी परत येता येईल इतक्या अंतरावर असताना, वयाची चाळिशी उलटेपर्यंत मी ते पाहिलेले नव्हते.

माझे घर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. ‘एमआयडीसीत राहतो’ असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी सहानुभूती उमटते. पुणे-बंगळूर हमरस्ता पंचगंगेचा पूल ओलांडून आमच्याकडे येतो आणि रात्रंदिवस वाहत असतो. 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात नदी या रस्त्यावर आली, तेव्हा तो काही दिवस थांबला. त्या दिवसांत आम्हांला शांततेनेच झोप येईना. बाकी सगळीकडे फौंड्र्या, वाळू, भट्ट्यांची धग आणि पाळी सुटल्याचे भोंगे. अशा ठिकाणी बागेचा आणि वारशाचा विचार कुणी करावा?

विचार करणारा एक माणूस माझ्याच घरात होता. माझे वडील. ते पॅटर्नमेकर. आधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि नंतर शिरोलीत त्यांनी उभे आयुष्य लाकडाचे नमुने घडवण्यात घालवले. कोल्हापूरची ऑइल इंजिने शेताशेतांत पाणी उपसत होती, त्या काळात त्यांच्या कितीतरी भागांचे लाकडी नमुने बाबांच्या हातून गेले. लहानपणी मामाच्या बैलगाडीतून ते एकदा खिद्रापूरला गेले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांचे एकच मागणे होते. “एकदा खिद्रापूर दाव रं मला.” आणि माझे उत्तरही एकच होते. “जाऊ या बाबा, पुढच्या रविवारी.”

पुढच्या रविवारी उत्तरपत्रिका निघत. त्याच्या पुढच्या रविवारी लग्न निघे. मग पाऊस, मग परीक्षा. अशी सात-आठ वर्षे गेली. आणि या मुदतीत बाबांची नजर गेली.

काचबिंदू हा मोठा सभ्य चोर आहे. तो दुखत नाही, खुपत नाही. आधी नजरेच्या कडा चोरतो आणि समोरचे तेवढे शाबूत ठेवतो. त्यामुळे माणसाला चोरी कळतच नाही. बाबा दाराच्या चौकटींना धडकू लागले तेव्हा आम्ही त्यांना म्हणत होतो, “जरा बघून चालावं.” दवाखान्यात नेले तोवर उशीर झाला होता. उरलेली थोडी नजर सांभाळण्यासाठी थेंब दिले. गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी फार हळू आवाजात सांगितले. घरी येताना बाबा एवढेच म्हणाले, “आता खिद्रापूर ऱ्हाऊ दे.”

या गोष्टीनंतर दोन वर्षांनी, 2023 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, धाकट्या बहिणीने तिकीट पाठवून मला इंग्लंडला बोलावले. ती लीसेस्टरला असते. लंडन, तिथला तो मनोरा, ती राणीची घरे हे सर्व पाहायला मिळणार म्हणून मी नवे बूट घेतले. पण तिच्या घरी रविवारची तऱ्हा निराळी निघाली. सकाळी डब्यात ठेपले आणि दशम्या भरल्या, गाडी काढली आणि आम्ही तासाभराच्या आत कॅल्क अ‍ॅबी नावाच्या एका जुन्या वाड्यापाशी पोचलो.

तो वाडा नॅशनल ट्रस्टचा आहे. ही संस्था 1895 साली ऑक्टेव्हिया हिल आणि तिच्या दोघा सहकाऱ्यांनी स्थापन केली. वाडा पाहून मी प्रथम गोंधळलोच. भिंतींचा कागद सुटलेला, रंगाचे पोपडे आलेले, खोल्यांतून जुन्या सामानाचे ढीग. माझ्या मनात आले, एवढे तिकीट घेतात आणि साधा रंग देत नाहीत! मग कळले की हेच तिथले व्रत आहे. जमीनदारीला उतरती कळा लागलेल्या त्या घराण्याकडून 1985 साली वाडा ट्रस्टकडे आला, तेव्हा तो जसा होता तसाच राखायचा त्यांनी ठरवले. अधिक पडू द्यायचा नाही, पण नवाही करायचा नाही. आपल्याकडच्या कितीतरी दगडी देवळांना आपण मोठ्या भक्तीने ऑइलपेंट फासतो, त्याची मला आठवण झाली.

बाहेरच्या रानात हजार वर्षांचा मानला जाणारा एक ओक आहे. इतर काही ओक मरून आडवे झाले होते, आणि त्यांचे ओंडके कुणी उचलले नव्हते. कुजक्या लाकडात वाढणारे दुर्मिळ भुंगेरे हे त्या रानाचे वैभव आहे, म्हणून मेलेले झाडही तिथे कामावर असते. बहिणीच्या परसातही तीच कथा. मे महिना असल्याने तिने गवत कापलेले नव्हते. कोपऱ्यात लाकडांचा ढीग होता. आणि शेजारणीच्या बाजूच्या कुंपणाला खाली चांगले तेरा सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडलेले होते. हेजहॉग नावाचा लहानसा काटेरी प्राणी रात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो, त्याची ही वाट. आमच्या वसाहतीत कुंपणाची वीतभर जागा इकडे-तिकडे झाली तर माणसे कोर्टात जातात, आणि इथे दोन शेजारी मिळून भिंतीला भोक पाडतात!

ती शेजारीण सत्तरीच्या घरातली. चहाच्या वेळी तिने मला अगदी सहज विचारले, “तुमच्या घराजवळचे जुने ठिकाण कोणते? रविवारी तुम्ही कुठे जाता?”

मी चहा ढवळत राहिलो. माझ्याजवळ नावे पुष्कळ होती. गेल्याची एकही आठवण नव्हती.

परत येताना मी तिथून एक लाकडी किडेघर विकत आणले. त्यात पोकळ नळ्या असतात आणि त्यांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात. परसात पेरूच्या झाडाला ते मोठ्या समारंभाने टांगले. दोन महिने एकही भाडेकरू आला नाही. एके दिवशी शब्दकोश काढायला गेलो, तर त्याच्या पाठीवर कुंभारमाशीने मातीचे सुबक घर बांधलेले! तिने इंग्लंडचे घर नाकारून मोल्सवर्थ पत्करला होता. त्या दिवशी मला कळले की नक्कल आणून भागत नाही. आपल्या परसाला काय हवे ते आपल्या परसालाच विचारले पाहिजे.

आणि परसाला फारसे काही नकोच होते. फक्त आम्ही हात आखडता घ्यायला हवा होता. आमच्या कढीपत्त्यावर दर पावसाळ्यात अळ्या येत. लहान असताना पाखराच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या, पुढे हिरव्यागार होणाऱ्या. हात लावला की डोक्यातून तांबडी शिंगे काढून उग्र वास सोडणाऱ्या. मी त्या वेचून टाकत असे. त्या वर्षी टाकल्या नाहीत. “अहो, फोडणीला एक पान उरलं नाही!” असा रास्त पुकारा स्वयंपाकघरातून झाला. पण पंधरवड्याने त्याच झाडावरून काळी, पांढऱ्या ठिपक्यांची फुलपाखरे उडाली आणि झाडही पुन्हा फुटले. पालापाचोळा जाळणे बंद केले. एक पसरट मातीचे भांडे पाणी घालून ठेवले. फौंड्रीतून आलेल्या फुटक्या खोक्यांचा ढीग तसाच पडू दिला. त्यात कोण राहते ते मुंगूस जाणे.

आमचे परस आता शेजाऱ्यांच्या मते बेवारस दिसते. पण त्याचा खरा लाभ कुणाला झाला, हे मला फार उशिरा समजले. बाबा सकाळी मागच्या दारी खुर्ची टाकून बसतात. एकदा मी पेपर वाचून दाखवत होतो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले. “थांब जरा. शिंपी आलाय.” कुठे शिंपी? मला तर कपडे शिवणाराच आठवला. लिंबाच्या झाडात अंगठ्याएवढा पक्षी आपल्या आकाराला न शोभणाऱ्या आवाजात ओरडत होता. मग कळले, बाबांना सगळ्यांची वेळापत्रके पाठ आहेत. बुलबुल आधी, शिंजीर ऊन तापल्यावर, भारद्वाजाचे घुमणे दुपारी, पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक. स्वच्छ झाडलेल्या अंगणात यांतले काहीच नव्हते. मी ते अंगण झाडून झाडून एका न दिसणाऱ्या माणसापुढे कोरे करून ठेवत होतो.

त्या संध्याकाळी मी विचारले, “बाबा, रविवारी जायचं का कुठं?”

पहिला रविवार जवळचा, टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयाचा. जुन्या झाडांच्या बागेत उभी असलेली ती इमारत मेजर मँटने आखलेली. नवा राजवाडाही त्याचाच. याच मँटच्या हातचे आणखी एक काम फ्लॉरेन्सच्या बागेत आहे. कोल्हापूरचे तरुण राजाराम महाराज 1870 साली इंग्लंड पाहायला गेले. तिकडे त्यांनी रोजनिशी ठेवली आणि परतीच्या वाटेवर, वयाच्या विशीतच, फ्लॉरेन्समध्ये वारले. दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे त्यांची छत्री उभी आहे आणि शेजारच्या पुलालाही त्या ‘इंडियना’चे नाव आहे. परमुलखातले लोक आपल्या राजाची आठवण बागेत सांभाळतात, आणि मी टाउन हॉलवरून हजार वेळा गेलो तो बस चुकेल म्हणून घाईने.

आत ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीक लोकांचा हा समुद्रदेव सुमारे अठराशे वर्षांपूर्वी व्यापाराच्या वाटेने पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. मी काचेतून पाहून बाबांना वर्णन सांगू लागलो. हात कसा उचललेला, मान कशी वळलेली. बाबांनी मध्येच विचारले, “वतीव हाय न्हवं?” मी म्हणालो, “हो, ओतीव.” त्यांनी समाधानाने मान हलवली. म्हणजे कोल्हापुरात चांगले ओतकाम आपल्या आधीही आले होते तर!

आणि त्यानंतरच्या रविवारी खिद्रापूर. जयसिंगपूर, शिरोळ, कुरुंदवाड करीत आम्ही कृष्णाकाठच्या त्या गावात पोचलो. कोपेश्वराचे देऊळ बाराव्या शतकातले. शंकराच्या या देवळात नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून इथला देव कोपलेला, आणि नंदी नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, अशी कथा सांगतात. बाबांना कथेत रस नव्हता. त्यांनी मला भिंतीकडे न्यायला सांगितले. देवळाचा सगळा भार पाठीवर घेऊन दगडी हत्ती रांगेने उभे आहेत. बाबांचा हात एका हत्तीवर पडला तोच राखणदार पुढे आला. त्याने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिले आणि हलकेच म्हणाला, “सावकाश. एकच हत्ती बघा, आजोबा.”

बाबांची बोटे त्या हत्तीवरून फिरू लागली. तीस-चाळीस वर्षे लाकडाची धार जोखलेली ती बोटे. सोंडेच्या मागे गेली आणि थांबली. “हे वाळूतनं निघायचं न्हाई,” ते म्हणाले. मला कळेना. मग त्यांनी समजावले. ओतकामाचा नमुना वाळूतून वर ओढून काढायचा असतो. म्हणून त्याची प्रत्येक बाजू किंचित उतरती ठेवावी लागते, नाहीतर साचा ढासळतो. इथे सोंडेच्या मागून दगड आतवर कोरून काढला होता. “जल्मभर मी उतार देत आलो. ह्येनं दिला न्हाई. ह्येला काढायचं नव्हतंच कुठनं.” शिलाहारांच्या शिल्पाविषयी मी वाचलेल्या पुस्तकांत हे वाक्य नव्हते.

पुढचा मंडप म्हणजे स्वर्गमंडप. अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छताला वाटोळे मोकळे आभाळ. दुपारचे ऊन त्यातून उतरून खालच्या मोठ्या शिळेवर पडले होते. मी बाबांना धरून सावलीतून चालवीत नेत होतो. काही सांगायच्या आधीच ते उन्हात आले आणि जागच्या जागी थांबले. त्यांनी माझा हात सोडला, तोंड वर केले.

“हितं छप्पर न्हाई,” ते म्हणाले. “आठवलं मला. मामानं हितंच उभा केला हुता.”

सात-आठ वर्षांपूर्वी आणले असते तर त्यांनी ते वर्तुळ डोळ्यांनी पाहिले असते. हे त्यांनी बोलून दाखवले नाही, आणि मलाही बोलवले नाही. खांबाला टेकून मी त्यांना तिथे हवा तेवढा वेळ उभे राहू दिले.

या वर्षी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीवरून पन्हाळ्याची पुन्हा आठवण झाली. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे जे बारा किल्ले त्या यादीत गेले, त्यांत तो आहे. बहिणीने लीसेस्टरहून फोन करून अभिनंदन केले, जणू काही तटबंदी मीच बांधली होती! बाबा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, “अंबारखान्यात गार वारं असतंय म्हणं. कवा जायचं?”

टेबलावर उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे होते. जुनी सवय जिभेवर येऊन उभी राहिली. मी ती गिळली.

“उद्याच जाऊ, बाबा,” मी म्हणालो. उद्या रविवार होता.