पोटाचे ऑपरेशन

गेल्या ऑगस्टमध्ये मी पंधरा दिवस कॉलेजला आलो नाही. कुणी विचारले तर ‘पोटाचे ऑपरेशन’ असे सांगायचे, हे आमच्या घरी ठरले होते. शेजारच्या काकूंनी पोटाचे म्हणून मऊ भात आणि मेतकूट पाठवले. मी ते निमूटपणे खाल्ले. पोट ठणठणीत होते.

खरे सांगायचे तर माझी सुंता झाली होती, तीही एकविसाव्या वर्षी. कातडी घट्ट राहून मागे सरत नाही, लघवीला जळजळ होते, पुन्हा पुन्हा सूज येते; याला डॉक्टर फायमोसिस म्हणतात. लहानपणी कातडी अशी असणे स्वाभाविक असते आणि वाढत्या वयात बहुतेकांची आपोआप सुटते. माझी सुटली नाही. हे मला अठराव्या वर्षीच कळले होते; पण सांगणार कुणाला? तीन वर्षे गप्प राहिलो. अखेर लघवीच अडू लागली, तेव्हा आबांना सांगितले. तेही एका रात्री दिवे गेले असताना, अंधारात.

दवाखान्यात मी मान खाली घालून बसलो. डॉक्टर कानडी. “नाचिके याके?” म्हणाले. लाज कसली? मग मराठीत म्हणाले, “लवकर आला असतास तर कदाचित मलमावर भागलं असतं.” ते वाक्य मला पुढे टाक्यांपेक्षा जास्त दुखले.

ऑपरेशन तासाभराच्या आतच आटोपले. दुसऱ्या दिवशी घरी आलो. पँट घालणे अशक्यच होते. आबांनी ट्रंकेतून आपले जुने धोतर काढले, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. ते फाडून, दुहेरी घडी करून माझ्या उशाशी ठेवले. बोलले काहीच नाहीत. पांघरुणाचा स्पर्श सोसवेना, तेव्हा आईने बांबूची दुरडी माझ्यावर उपडी ठेवली आणि तिच्यावरून चादर घातली. बाहेर बेळगावचा पाऊस. धोतराचे तुकडे वाळत नसत, मग ती त्यांवर इस्त्री फिरवी. पहाटे हटकून दुखून जाग येई. त्याचे कारण डॉक्टरांनी सांगितले होते. प्राध्यापकही हा अंक वाचतात, म्हणून मी ते सांगत नाही. टाके आपोआप विरघळणारे होते. सूज उतरायला दोन आठवडे लागले. सायकल महिनाभर बंद होती.

पडल्या पडल्या आजोबांचे कपाट उपसले. ते वैद्य होते. सुश्रुतसंहितेच्या मराठी भाषांतरात माझाच आजार सापडला: ‘निरुद्धप्रकश’. दोन्ही तोंडे उघडी असलेली, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत घालावी. दर तीन दिवसांनी अधिक जाड नळी घ्यावी. वाचून अंगावर काटा आला आणि लाजही वाटली. प्राचीन काळच्या वैद्याने जे सरळ नाव घेऊन लिहून ठेवले, त्याला मी पोट म्हणत होतो!

दहाव्या दिवशी दरबार गल्लीतला माझा वर्गमित्र कुंदा घेऊन आला. मी फेंगडा चालत दार उघडले. तो क्षणभर पाहतच राहिला.

“पोटाचं म्हणतोस, आणि चाल अशी?”

मी सांगून टाकले. तो खो खो हसला. “अरे, आमच्या घरी याला पाहुणे बोलावतात, गोडधोड करतात. तू चोरून करून आलास?”

मीही हसलो. टाका ओढला गेला, कळ आली, तरी हसू थांबेना. तीन वर्षांत या विषयावर मी पहिल्यांदाच हसत होतो. कुंदा आम्ही दोघांनी संपवला. आबा दारातून पाहून गेले. जाताना त्यांच्याही मिशीत हसू होते.

परवा हॉस्टेलवरचा एक मित्र मला जिन्याखाली गाठून म्हणाला, “तुझं ते पोटाचं ऑपरेशन... नक्की कशाचं होतं रे?” विचारताना त्याची मान खाली होती.

मी सगळे सांगितले, भर दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो.