आधाराची चौकट

घरातील वृद्ध माणसाचे बोलणे आपण ऐकतो. पण मनावर घेतोच असे नाही. गेल्या पावसाळ्यात ही चूक माझ्याकडून घडली.

आई 82 वर्षांची. आमचे कोकणातील घर जुने, न्हाणीघराची चौकट फणसाच्या लाकडाची. उंबरठा ओलांडताना तिला धरता यावे म्हणून त्या चौकटीलाच मी पोलादी दांडा बसवून घेतला होता. श्रावणात ती म्हणू लागली, "चौकटीखाली रोज भुसा पडतो गं. रात्री आत काहीतरी कुरकुरतं. मुंगळेही दिसतात." "पावसाळ्यात मुंगळे यायचेच, आई," असे म्हणून मी विषय संपवला. एका पहाटे तो दांडा स्क्रूंसकट तिच्या हातात आला. मागेच स्टूल होते, त्यावर ती बसली गेली, म्हणून निभावले.

सुताराने चौकट काढली, तेव्हा ती आतून पोकळ निघाली. मला वाटले वाळवी. पण ते मुंगळेच होते. हा फरक आपणही लक्षात ठेवावा. वाळवी लाकूड खाते, भिंतीवर मातीच्या नळ्या काढते आणि पोखरलेल्या जागी माती भरते. मुंगळे लाकूड खात नाहीत. घर करण्यासाठी कोरतात आणि जाडसर भुसा बाहेर टाकतात. त्यांच्या पोकळ्या स्वच्छ, पॉलिशपेपर फिरवल्यासारख्या गुळगुळीत असतात. पंखवाल्या मुंगळ्याची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवीचे चारही पंख सारखे. आपल्याकडील नेहमीचा काळा मुंगळा बहुधा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत राहतो. पण त्याच कॅम्पोनोटस प्रजातीतील काही जाती लाकडात घर करतात आणि ओल लागून मऊ झालेले लाकूड त्यांना विशेष मानवते. आमच्या चौकटीमागचा नळ कित्येक दिवस झिरपत होता.

म्हणून उपाय पाण्यापासून सुरू करावा. गळती थांबवावी, कुजलेले लाकूड बदलावे, भिंतीला टेकवलेली सरपणाची रास हलवावी, छपराला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात. मुंगळे बहुधा रात्री फिरतात. तेव्हा विजेरी घेऊन त्यांची रांग कुठे शिरते ते पाहावे. फवाऱ्याने बाहेर दिसणारे तेवढेच मरतात, राणी आत सुरक्षित राहते. शिवाय दम्याच्या रुग्णाला तो वास बाधतो. त्यापेक्षा 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम साखर आणि 1 ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, त्यात भिजवलेला कापूस झाकणाला भोके पाडलेल्या डबीत घालून रांगेजवळ ठेवावा. कामकरी मुंगळे ते पाणी घरट्यात नेऊन इतरांना भरवतात. याला काही आठवडे लागू शकतात. तोवर तेथे फवारणी करू नये. डबीवर ठळक अक्षरांत 'विष' लिहावे. ती मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून, तसेच औषधांच्या बाटल्यांपासून दूर असावी. अंधुक दिसणाऱ्या माणसाला साखरेचे पाणी आणि औषध सारखेच भासते.

आणि एक काम आजच करावे. घरातील वृद्ध ज्या ज्या लाकडावर भार टाकतात, ती चौकट, तो कठडा, जिन्याची ती पट्टी बोटाने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला किंवा स्क्रू हलला, तर तो आधार नव्हे. दांडा शक्यतो पक्क्या भिंतीत बसवावा.

आमचा दांडा आता भिंतीत आहे. आई मात्र अजूनही रोज सकाळी उंबरठ्यापाशी वाकून पाहते आणि काही दिसले की हाक मारते. बहुतेक वेळा तो साधा कचराच असतो. तरी हातातले काम ठेवून मी जाते.