साइटवरचा प्रोग्रॅम

दहावी-बारावीनंतर मुलाला कुठे घालायचं हे विचारायला सिल्वासातले पालक येतात, तेव्हा प्रश्न बहुधा ठरलेला असतो : सिव्हिल की कॉम्प्युटर? घरात कोणी ठेकेदारीत असेल तर सिव्हिल, नसेल तर कॉम्प्युटर. मी सिव्हिलचा माणूस. बरीच वर्षं साइटवर काढली आणि आता संध्याकाळी, काम सुटल्यावर, सुपरवायझरी करणाऱ्या मुलांना बांधकामाचं नियोजन शिकवतो. त्याच वर्गात प्रोग्रॅमिंगही शिकवतो. पालकांना मी एवढंच सांगतो, की या दोन विद्या वेगळ्या काढू नका. निदान आपल्या दादरा-नगर हवेलीत तरी नको.

हवेली म्हटलं की मराठी वाचकाला १९५४चा मुक्तिसंग्राम आठवतो, सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे आठवतात. त्यानंतरची हवेली मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. करसवलतींमुळे पिपरिया, मसाट, खडोली इथे कारखाने उभे राहिले, धाग्याचे, प्लॅस्टिकचे. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ३,४३,७०९ भरली, त्यात निम्म्याहून जास्त आदिवासी : वारली, कोकणा, धोडिया. २०१७ साली सिल्वासा स्मार्ट सिटीच्या यादीत आलं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरपैकी जेमतेम चार किलोमीटर हवेलीतून जातात, पण त्या मार्गावरचे चाळीस मीटर लांबीचे, सुमारे ९७० टनांचे गर्डर उचलून बसवताना पाहिले की इथल्या पोरांच्या डोळ्यांत जे दिसतं ते कुठल्या पुस्तकाने येत नाही. थोडक्यात, सत्तर वर्षं हा प्रदेश बांधलाच जातोय. बांधणारे हात खानवेल, दुधनी, मांदोनीकडचे आहेत, जव्हार-मोखाड्याकडचे आहेत, ओडिशा-बिहारचे आहेत. कागद हातात असलेला माणूस मात्र अजूनही बहुतेक वेळा बाहेरूनच येतो.

शिकायची सोय नाही असं नाही. कराडला (हे सातारचं नव्हे, हवेलीतलं कराड) डॉ. बाबासाहेब आंबेडकर शासकीय तंत्रनिकेतन आहे, त्याची परीक्षा गुजरात तंत्रशास्त्र विद्यापीठाची. सायलीचं एसएसआर कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेलं. पण ही झाली दिवसा, पूर्ण वेळ शिकू शकणाऱ्यांची सोय. सकाळी आठला साइटवर हजेरी देणाऱ्याने काय करावं? अमेरिकेत या माणसासाठी कम्युनिटी कॉलेज असतं. शिकागोजवळच्या जोलिएटला १९०१ साली पहिलं निघालं. नोकरी सांभाळून, घराजवळ, दोन वर्षांत हाताला काम देणारं शिक्षण. आपल्याकडे पुदुच्चेरीत १९९५ मध्ये सुरुवात झाली, २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने योजना काढली. कल्पना चांगली होती आणि आहे. अडचण अशी, की अशा अभ्यासक्रमांत कॉम्प्युटर म्हणजे टायपिंग आणि तयार पॅकेज, आणि बांधकाम म्हणजे नकाशा वाचणं, एवढंच उरतं. दुसऱ्या टोकाला पुण्याची निकमार आहे, १९८३पासून बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी. पण तिथे मुख्यतः पदवीधर जातात. मधला माणूस, म्हणजे ज्याच्यावर खरी साइट चालते तो सुपरवायझर, दोन्हीकडून सुटतो.

त्याला काय यायला हवं ते उदाहरणाने सांगतो. सळई बारा मीटर लांबीची येते. समजा, स्लॅबला ३.४ मीटरचे तुकडे हवेत. एका सळईतून तीन निघतात, १०.२ मीटर वापरले जातात, १.८ मीटर उरतं. बारा मिलीमीटरच्या सळईचं वजन काढायचं सूत्र फिटरलाही पाठ असतं : व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला साधारण ०.८९ किलो. तेव्हा प्रत्येक सळईमागे १.६ किलो लोखंड बाजूला पडलं. दोनशे सळया कापल्या तर ३२० किलो. आता त्याच मजल्यावर दुसरीकडे १.७ मीटरचे तुकडे लागणार असतील, तर ते या उरलेल्यातून निघतात आणि भंगारात जातो फक्त दहा सेंटीमीटरचा तुकडा. अनुभवी फिटर हे डोक्यात करतो, आणि उत्तम करतो. पण लांब्या दोनऐवजी पंधरा झाल्या, की डोकं थकतं आणि लोखंड भंगारात जातं. सोव्हिएत गणिती कांतोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूड कारखान्याच्या निमित्ताने याच जातीच्या प्रश्नावर काम केलं, आणि पुढे १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या वर्गात हाच प्रश्न पायथनमध्ये चाळीसेक ओळींत बसतो. लांब तुकडे आधी घ्यायचे, जिथे मावेल तिथे टाकायचे, मावत नसेल तर नवी सळई काढायची. हे काही सर्वोत्तम उत्तर नव्हे, पण अंदाजाने कापण्यापेक्षा पुष्कळ बरं.

खानवेलकडचा एक मुलगा, वडील सेंटरिंगच्या कामावर, हा प्रोग्रॅम पहिल्यांदा मोबाइलवर चालवून बघत होता. यादी आली. त्याने ती तशीच स्वीकारली नाही, म्हणाला, “सर, हा तुकडा दुसऱ्या टोकाच्या बीमचा आहे. एवढ्या लांब कोण वाहून नेणार?” मग त्याने स्वतःच प्रत्येक तुकड्यापुढे जागेचा एक रकाना वाढवला आणि जवळजवळच्याच तुकड्यांची जोडी लावली. शहरातला नुसता प्रोग्रॅमर हा रकाना कधीच घालणार नाही. त्याने कधी सळई खांद्यावर घेतलेली नसते.

‘अट’ म्हणजे काय हे शिकवायला मी सेंटरिंगच घेतो. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं की स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवसांनी काढता येतात, त्याहून मोठा असेल तर चौदा. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा, पुढे एकवीस. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला ‘असं असेल तर हे, नाहीतर ते’ समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. पण खरा धडा त्याच्या पुढे आहे. हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी आहेत. साइटवर आज सर्रास राखमिश्रित सिमेंट येतं. त्याला पाणीही सातऐवजी किमान दहा दिवस मारावं लागतं, आणि टेकूंचे दिवस जबाबदार इंजिनिअरने ठरवायचे असतात. तेव्हा प्रोग्रॅमने इथे आकडा द्यायचा नाही. ‘थांबा, इंजिनिअरला विचारा’ असं लिहून थांबायचं. ही ओळ मी प्रत्येकाकडून लिहून घेतो. घाईने काढलेल्या टेकूखाली माणसं मरतात, आणि मरणाऱ्यांत आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप असू शकतात.

नियोजनाचंही असंच. कोणतं काम कशानंतर, कोणतं एका दिवसाने लांबलं तर सगळी इमारत लांबते, हे शोधायची क्रिटिकल पाथ पद्धत १९५७च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीसाठी मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी बसवली. एक कंपनीचा इंजिनिअर, दुसरा कॉम्प्युटरचा माणूस. आणि ते गणित चाललं युनिव्हॅक यंत्रावर. कारखान्याची उभारणी आणि दुरुस्तीसाठीचं शटडाऊन हेच त्यांचे प्रश्न होते. वापी-सिल्वासा पट्ट्यातल्या ठेकेदाराचेही आज तेच प्रश्न आहेत, वर जूनचा पाऊस. म्हणजे या दोन विद्या मुळात एकत्रच वाढल्या. खाती पाडली ती महाविद्यालयांनी.

याबाबतीत मला पाबळचा विज्ञान आश्रम फार मोलाचा वाटतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या त्या गावात शाळेत न टिकलेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मुलं घुमटाकार घरं बांधायची, वेल्डिंग करायची, आणि तिथेच पुढे फॅब लॅब, म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळाही आली. पाबळला कोणी विचारलं नाही की हा मुलगा कोणत्या शाखेचा.

हवेलीत या दोन विद्या एकत्र शिकवणारा अभ्यासक्रम काढायला मोठी इमारत लागत नाही. संध्याकाळचे दोन तास, वर्षभर, शिकवणी मराठी, गुजराती, हिंदी, जी वर्गाला कळेल ती, शब्द साइटवरचे, आणि परीक्षा कागदावर नाही, चालू कामावर. पुण्याच्या आणि गुजरातच्या विद्यापीठांनी त्याचे गुण एकमेकांत मान्य करावेत, म्हणजे ज्याला पुढे पदविका करायची त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. हे काम प्रशासनाचं आहे आणि ते व्हायला हवं.

तोवर तुम्हीही एक करू शकता. पालघर-तलासरीपासून वापीपर्यंत कुठेही बांधकामात असाल, तर पूर्ण झालेल्या कामांचे सळयांचे तक्ते, बार चार्ट, मोजमापाच्या वह्यांच्या प्रती मालकाचं नाव खोडून जवळच्या आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनाला द्या. मुलांना सराव करायला खरे आकडे लागतात, आणि ते तुमच्या कपाटात पडून आहेत.